बिल्ल्याशिवाय कोट मिळणार नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची हेलसिंकीत! कायानीहून सहा तास गाडीत बसून पाठ आखडली, पण मन मात्र लग्नाला निघाल्यासारखं ताजंतवानं होतं. ताई निघेपर्यंत मागे लागली होती. म्हणे, अगं अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसं तळ्याकाठी खोली बांधून मासे धरत बसतात, आणि तू बारमध्ये नोकरीला निघालीस? मी म्हटलं, मला मासे आवडत नाहीत.

एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. वसंतात आमचं पोस्टच बंद केलं आणि किराणा दुकानाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट उभं केलं, त्यातून ज्यानं त्यानं आपलं पार्सल काढून घ्यायचं. कपाटाला ना डोळे, ना अक्कल. तर ते असो. रेइयोचा फोन आला तो देवासारखा. हा आमच्याच गावचा, वीस वर्षं इथल्या कालिओ भागात बार चालवतो. म्हणाला, सेइया, माझ्या सख्ख्या आईला तू ओळखपत्राशिवाय पार्सल दिलं नव्हतंस, आठवतं? मला कोटांच्या खिडकीवर तशीच बाई पाहिजे.

खोली चौथ्या मजल्यावर आहे, बारपासून दोन इमारती सोडून. खिडकीखालून ट्राम जाते. इमारतीतल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची, माझी पाळी शुक्रवारी सकाळी. आणखी काय पाहिजे माणसाला!

७ नोव्हेंबर, गुरुवार

बारचं नाव हिल्ला. रस्त्यापासून सात पायऱ्या खाली, दारावर लाल दिवा. संध्याकाळी सहापासून कराओके सुरू. गाणारे म्हणजे सुतार, नर्सबाया, एक निवृत्त प्राध्यापक, आणि ज्यांना घरी कुणी ऐकत नाही असे बाकीचे सगळे. कुणी कितीही बेसूर गायलं तरी टाळ्या सारख्याच पडतात. हे मला फार आवडलं.

पायऱ्या उतरल्या की डावीकडे माझी खिडकी. आत शहाण्णव खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला त्याच आकड्याचा पितळी बिल्ला. कोट टांगायचा, बिल्ला काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जाताना बिल्ला आला की कोट द्यायचा. खिडकीवर रेइयोनं पाटीच लावली आहे, बिल्ल्याशिवाय कोट मिळणार नाही. बिल्ला हरवला तर शेवटपर्यंत थांबायचं, सगळे गेल्यावर जो कोट उरेल तो तुमचा. माझ्या आधीच्या बाईनं कुणाचा तरी फरकोट भलत्याच दारुड्याला देऊन टाकला होता, तेव्हापासून हा कायदा. कायदा चांगलाच आहे.

माझ्या पाठीमागे एक लोखंडी दार आहे. ते मागच्या अंगणात उघडतं. अंगण कसलं, तिन्ही बाजूंना बिनखिडकीच्या भिंती, चौथ्या बाजूला कुलूपबंद फाटक, आणि मध्ये रिकाम्या बाटल्यांचे खोके. दार आपोआप लागतं आणि फक्त आतूनच उघडतं. तुइरे म्हणाली, बाहेर जाताना फटीत खोका ठेवायला विसरू नकोस, नाहीतर बसशील बोंबलत.

तुइरे म्हणजे आमची बारवाली. चाळिशीची, उंच, हसताना सगळे दात दाखवणारी. पहिल्याच दिवशी माझ्यासाठी घरून सामन माशाचं सूप घेऊन आली. म्हणे, कायानीच्या माणसांना इथलं पाणीसुद्धा बाधतं, आधी पोटात काहीतरी घाल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तुइरेच्या वडिलांशी ओळख झाली. वाल्तो, वय चौऱ्याहत्तर. एक्केचाळीस वर्षं ट्राम चालवली, म्हणून कोट एक्केचाळीस नंबरच्याच खुंटीला पाहिजे असा हट्ट. कोट मेंढीच्या कातड्याचा, जुना, पण आतून अजून मऊ. टांगायचा पट्टा तुटला तेव्हा बायकोनं निळ्या दोऱ्यानं शिवून दिला होता. ती गेली सहा वर्षांपूर्वी. बारसमोरच राहतो. रस्ता ओलांडायचा तर चाळीस पावलं, तरी कोट घालून, टोपी घालून, सगळी बटणं लावून येतो.

माझा इतिहास त्याला कुणी सांगितला कोण जाणे, पण मला पोस्टमास्तरीणबाई म्हणतो. खिडकीच्या फळीवर आधी तीन टकटक करतो, मग दोन. म्हणे, ट्रामची घंटा आम्ही अशीच वाजवायचो. टँगोच्या चालीचं एकच गाणं गातो, दर वेळी तेच, डोळे मिटून. मग तुइरेला खोके बाहेर टाकायला मदत करतो आणि घरी जातो. नर्सबाया त्याच्यावर जीव टाकतात. मला जरा आगाऊ वाटला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन आठवडे झाले, एकही चूक नाही. रेइयोनं सगळ्यांसमोर सांगितलं की असं कुणाला जमलं नव्हतं. माझी मान अशी ताठ झाली म्हणता!

पण हा वाल्तो. काल माइक हातात घेऊन म्हणाला, हे गाणं आपल्या पोस्टमास्तरीणबाईंना, त्यांना हसायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो, तीन प्रतींत. सगळा बार हसला. तुइरेसुद्धा. मीही हसले, पण आतून चरचरलं. एकतीस वर्षं नियमानं वागले त्याची ही किंमत? घरी येऊन झोप लागली नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या आणि निघतेय. बाहेर उणे एकवीस. आज शहाण्णव खुंट्या पुरणार नाहीत, असं तुइरे म्हणत होती. बघू या.

७ डिसेंबर, शनिवार

वाल्तो गेला. सकाळी नऊला बाटल्यावाल्यानं फाटक उघडलं तेव्हा अंगणात सापडला. खोक्यांना टेकून बसलेला, शर्टाच्या बाह्यांत.

खूप गर्दी होती. काल काय झालं ते मला नीट आठवत नाही. वयस्कर माणूस, दोन पेले जास्त झाले असतील. मी माझं काम नियमाप्रमाणे केलं.

तुइरे जमिनीवर बसली होती. तिला सूप करून नेलं. तिनं चमचा हातात धरला, पण खाल्लं नाही.

८ डिसेंबर, रविवार

पोलीस येऊन गेले, एक बाई आणि एक पुरुष. अगदी सौम्य होते. त्यांनी विचारलं, वाल्तोनं कोट नेला होता का. मी म्हटलं, हो, नेला. किती वाजता? म्हटलं, अकराच्या सुमारास. मग कोट कुठे गेला? म्हटलं, मला काय माहीत, बारमध्ये कुठे टाकला असेल, कुणी उचलून नेला असेल. पोलीसबाईनं लिहून घेतलं. एकतीस वर्षं लोक माझ्या सहीवर विश्वास ठेवत आले, तसाच तिनंही ठेवला.

बार बंद करण्याआधी अंगणात डोकवायचं काम तुइरेचं. त्या रात्री गडबडीत ती विसरली. खोके टाकायलाही वडिलांना तिनंच सांगितलं होतं. ती पोलिसांना म्हणाली, मीच मारलं त्यांना. मी तिथेच उभी होते.

१० डिसेंबर, मंगळवार

लिहायलाच हवं. निदान इथे तरी.

त्या दिवशी आठला वाल्तो आला. मागे पायऱ्यांपर्यंत रांग. फळीवर तीन टकटक, मग दोन, आणि मोठ्यानं म्हणाला, पोस्टमास्तरीणबाई, आज तरी अर्जाशिवाय हसणार का? रांग हसली. माझं डोकं फिरलं. त्याचा कोट घेतला, खुंटीला टांगला आणि लगेच पुढच्याला हाक मारली.

अकराला तो परत आला. शर्ट, पाठीवर घाम. खिसे चाचपत म्हणाला, बाई, बिल्ला कुठे पडला कळत नाही, पण कोट तर समोर दिसतोय, एक्केचाळीसला, तुम्हाला माहीत आहे तो माझा आहे. मी म्हटलं, माहीत आहे मला. बिल्ला? तो हसला. त्याला वाटलं थट्टाच आहे. मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, शेवटपर्यंत थांबा, उरेल तो तुमचा. आजूबाजूचे हसले, सगळेच झिंगलेले, उद्या कुणाला आठवणारही नव्हतं. या वेळी हसणारे माझ्या बाजूचे होते. बाई गं, काय गोड वाटलं मला!

तो म्हणाला, मघाशी खोके टाकले तिथेच पडला असेल. माझ्या पाठीमागच्या दारानं बाहेर गेला, तसाच. फटीत खोका ठेवला नाही. दार लागलेलं मी ऐकलं.

मग दारावर तीन ठोके. मग दोन.

मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी मनाशी म्हटलं, वाजव घंटा, जरा गारठ म्हणजे जीभ ताळ्यावर येईल. मग मोठी झुंबड आली, दिवे दोनदा मिचकावून शेवटची वेळ झाल्याचं सांगितलं गेलं, सगळे कोट मागायला धावले. मधेच कधीतरी ठोके थांबले. वाटलं, कुणी तरी उघडलं असेल.

दोन वाजता एकच कोट उरला. उचलला तर खाली खण्ण वाजलं. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला खुंटीलाच होता. मी त्याला दिलाच नव्हता.

म्हटलं, चिडून तसाच घरी गेला असेल, चाळीसच तर पावलं. बिल्ला खिशात टाकला, कोट घेऊन त्याच्या दाराशी गेले. चक्क माफी मागणार होते. तीनदा घंटी वाजवली. कुणी आलं नाही. म्हटलं, झोपला असेल. मी त्याच्या घराची घंटी वाजवत होते तेव्हा तो तिकडे —

कोट माझ्या कपाटात आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा खिडकीवर. एक्केचाळीस नंबर मी रिकामाच ठेवला. नवाच्या सुमारास पायाखाली ओलं लागलं. खुंटीखाली पाणी साचलं होतं, मध्ये अजून न वितळलेला बर्फ. वर पाइप नाही. छत कोरडं. पुसलं. तासाभरानं पुन्हा तेवढंच.

बार सुटल्यावर घरी न जाता पुलापर्यंत चालत गेले आणि बिल्ला समुद्रात फेकला. बर्फात एके ठिकाणी पाणी उघडं होतं, नेमका त्यात पडला. बुडताना मी पाहिला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सौनाची पाळी. ऐंशी अंश. दगडांवर पाणी ओतलं, वाफेनं नाक भाजलं, आणि पाठ गारच. बाहेर येऊन बोटं पाहिली तर नखं निळी.

संध्याकाळी बारमध्ये गेले. बिल्ला खुंटीला होता. इतका गार की बोटांची कातडी त्याला चिकटली. सोडवताना थोडी निघाली.

१४ डिसेंबर, शनिवार

सतरा नंबर दिला होता प्राध्यापकांना. जाताना त्यांनी एक्केचाळीसचा बिल्ला पुढे केला. मी म्हटलं, हा तुमचा नाही. ते म्हणाले, अहो तुम्हीच दिलात. नर्सबाईनंही एक्केचाळीस दिला. तिच्या मागच्यानंही. प्रत्येकाच्या हातात एक्केचाळीस, आणि सगळे म्हणत होते, तुम्हीच दिलात, तुम्हीच दिलात. मी तोंडं ओळखून कोट देऊन टाकले. एकालाही थांबवलं नाही. म्हणजे असं करता येतं तर.

रेइयो म्हणाला, सेइया, थकलीस तू, दोन दिवस घरी राहा.

१६ डिसेंबर, सोमवार

तुइरे घरी आली होती. गालफडं बसली आहेत, केस धुतलेले नाहीत. शुक्रवारी दफन. आईच्या हाताचा निळा दोरा आहे म्हणून तो कोट तिला शवपेटीत ठेवायचा आहे. सगळीकडे विचारून आली, सापडलेल्या वस्तूंच्या कचेरीतसुद्धा. म्हणाली, ते बाहेर काकडत होते आणि मी आत पेले पुसत गाणं गुणगुणत होते, सेइया, मला आता जगावंसंच वाटत नाही गं.

ती बसली होती त्या खुर्चीपासून कपाट दोन पावलांवर. मी तिचा हात धरला. तिनं दचकून काढून घेतला. म्हणाली, किती गार आहेस तू.

ती गेल्यावर कपाट उघडलं. कोटावर पांढरं दंव. बाह्या लाकडासारख्या कडक.

१७ डिसेंबर

कपाटाच्या आतून. तीन. मग दोन.

रेडिओ मोठा केला. रेडिओवर तोच टँगो — बंद केला. तरी चालूच.

१८ डिसेंबर

झोप नाही. तीन. दोन. तीन. दोन. उशी डोक्यावर घेतली.

रेइयोनं फोन करून सांगितलं, तुइरे काल रात्री बार बंद झाल्यावर अंगणात जाऊन बसली होती, नुसत्या शर्टात. वेळेवर दिसली म्हणून आत आणली. म्हणाला, पोरगी जाईल बघ अशानं.

जाईल ती. मी गप्प राहिले तर जाईल. नाही नाही नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार. दुपारी बारा

ठरलं. तुइरेला फोन केला, चार वाजता हिल्लात ये, तुला काही द्यायचंय. कोट देईन. ही वहीच तिच्या हातात ठेवीन, तोंडानं बोलणं व्हायचं नाही माझ्याच्यानं. मग पोलिसांकडे. माझ्यावर ती थुंकली तरी चालेल. आज पहिल्यांदा सकाळची कॉफी गरम लागली.

दुपारी अडीच. हिल्ला

लवकर आले. कुणी नाही. त्याचा कोट एक्केचाळीसला टांगला, निळा पट्टा नीट बसवला. माझा करडा कोट पहिल्या खुंटीला. किल्ली, फोन सगळं माझ्या त्या कोटाच्याच खिशात. वही लिहून झाली की पेन्सिलीसकट स्वेटरच्या खिशातच ठेवणार. चार वाजेपर्यंत इथेच बसणार.

उणे चोवीस, असं वाटेत पाटीवर लिहिलेलं होतं.

तीन ठोके.

मागच्या दारावर. मग दोन.

या वेळी उघडणार मी. उघडणारच. कोट घेऊन —

—

होता. शर्टाच्या बाह्यांत. भुवयांवर बर्फ. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, कोट खांद्यावर घातला त्याच्या, बटणं लावली, वरपासून खालपर्यंत सगळी. रडत होते. म्हटलं चुकले मी. तो म्हणाला, आभारी आहे, पोस्टमास्तरीणबाई. माझ्या बाजूनं आत गेला.

दार लागलं.

खोका ठेवला नाही मी.

फाटकाला कुलूप. ओरडले. भिंतींना खिडक्या नाहीत. अंधार पडायला लागलाय. किती वाजले, तीन? चारला तुइरे येईल. चारला येईल.

पेन्सिल धरवत नाही

ठोकतेय. तीन. मग दोन. आपोआप तसंच होतंय हातून.

आत कुणीतरी माझ्या खिडकीशी आलं. पावलं ऐकली. मी ओरडले, माझा कोट, करडा, पहिल्या खुंटीला, माहीत आहे ना तो माझा आहे.

आतून म्हणाला, माहीत आहे मला. बिल्ला?

बिल्ला नाही. माझा मला कुणी कसा दे

आत टँगो सुरू. मोठ्यानं. आता तुइरे आली तरी तिला ठोके

आता थंडी वाजत नाहीये. उलट गरम. स्वेटर काढला. वही कुठे — इथे — खोक्यात ठेवते, कोरडी राहील

तुइरे तू काही केलं नाहीस. ऐक. त्यांच्याकडे बिल्ला नव्हताच. खुंटीलाच होता, मी दिलाच नाही, आणि ठोके मला ऐकू येत होते, पहिल्यापासून सगळे ठोके मला